आत्याच्या न्हाणीची भिंत

पुणे, ६ ऑक्टोबर २०२४

ती. कमलआत्यास सप्रेम जयभीम.

तुला एकाच कानाने ऐकू येतं आणि फोन तू नेमका दुसऱ्या कानाला लावतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय काम असं आहे की उत्तर तुला टपालानेच पाठवावं लागेल.

मागच्या वर्षी तू मला तुझा दगडी पाटा दिलास. "मिक्सर आल्यापासून न्हाणीच्या भिंतीला टेकून पडलाय, घेऊन जा," म्हणालीस. त्याच्या बुडाला वाळकं शेवाळ चिकटलेलं होतं. मी कशावर संशोधन करते ते तू दर दिवाळीला विचारतेस आणि मी दर दिवाळीला सांगते: टार्डिग्रेड नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव. शेवाळात राहतात. त्यांची चाल बघून कोणीतरी त्यांना पाणअस्वल म्हटलं आणि तेच नाव पडलं. तर ते शेवाळ मी सहज भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्यात एक टार्डिग्रेड निघाला. तो मला ओळखता आला नाही. आमच्या सरांनाही आला नाही, आणि सरांची उभी हयात यात गेली आहे. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हा कुठला?" मी म्हटलं, "आत्याच्या न्हाणीतला."

आजवर जगात कोणी नोंदवला नाही असा दिसतो. पण एकट्यावरून काही म्हणता येत नाही. तेव्हा त्या भिंतीवरचं मूठभर शेवाळ कागदी पाकिटात घालून पाठव. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, त्यात ते कुजतं.

तुझी करुणा

शिरड शहापूर, २१ ऑक्टोबर २०२४

चि. करुणास आत्याचा आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा खोट काढण्यासाठी. बातमी अशी समजले की माझ्या न्हाणीत अस्वल आहे. शेजारच्या रुख्मिणीबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बया, मंग फॉरेस्टवाल्यायला काहून न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, सुईच्या टोकावर मावतं. "मंग ते कशाचं अस्वल!" असं म्हणून ती नाराज होऊन घरी गेली.

शेवाळ सोबत पाठवते आहे. नीट निवडलं, माती-कचरा काढला, तीन पाण्यांनी धुतलं आणि पांढऱ्या फडक्यावर सावलीत वाळवलं. विद्यापीठात जाणारी वस्तू, तिच्यात आमच्या न्हाणीची घाण नको. अंगणवाडीत तीस वर्षं भाजी निवडली आहे, माझ्या निवडण्याला नाव ठेवायला जागा नाही.

या जनावराचं वजन किती? खातं काय? कुपोषित तर नाही ना? तेवढं कळव.

माझ्याकडची बातमी म्हणजे माझं घरकुल मंजूर झालं. तुझ्या बाबानं खोलीखालची जागा माझ्या नावावर करून दिली. आता खोली आणि न्हाणी दोन्ही पाडायची, जोतं घालायचं, आणि तालुक्याचे साहेब येऊन जोत्याचा फोटो काढणार. मार्चअखेरपर्यंत जोतं दिसलं नाही तर मंजुरी रद्द. करुणा, मी आधी बापाच्या घरी राहिले, मग उत्तमरावांच्या, आणि ते सोडून गेल्यावर भावाच्या. भीमराजदादा मला कधी एका शब्दानं बोलला नाही. पण 'माझ्या घरी ये' असं मला अजून कोणालाच म्हणता आलेलं नाही. आता येईल.

तुझी आत्या

पुणे, १० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास जयभीम.

घरकुलाचं वाचून मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

शेवाळ मिळालं. इतकं स्वच्छ शेवाळ आमच्या प्रयोगशाळेत आजवर आलेलं नव्हतं. सरांनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यात एकही जीव नव्हता. ते त्या घाणीतच राहतात, तुझ्या तीन पाण्यांबरोबर वाहून गेले. चूक माझी. धुऊ नकोस हे तुला वेगळं लिहावं लागेल, हे मला कळायला हवं होतं.

आता तुझे प्रश्न. वजन करता येत नाही. लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. अंग गुबगुबीत, पांढुरकं. कातडी पारदर्शक, त्यामुळे खाल्लेलं बाहेरून दिसतं. पाय आठ, आखूड. शेवटची जोडी मागे वळलेली, तिने शेवाळाला धरून राहतो. तोंडात सुईसारख्या दोन अण्या असतात, त्या खुपसून रस पितो. या गटातल्या बऱ्याच जातींना दोन काळे डोळे असतात, आपल्याला नाहीत. कातडीभर लंबगोल छिद्रं आहेत. प्रत्येक पायाला दोन नखं, प्रत्येक नखाला दोन फाटे, आणि नखांच्या बुडाशी चंद्रकोरीसारखी पट्टी. मागच्या पायांची पट्टी विळ्यासारखी दातेरी आहे. पाणी आटलं की पाय आत ओढून पिंपासारखा गोळा होतो आणि तसाच वर्षानुवर्षं पडून राहतो. पाणी मिळालं की उठून चालायला लागतो. कोरडा असताना मरत नाही, पण खात नाही, वाढत नाही आणि अंडीही घालत नाही.

आणि मला अंडीच हवी आहेत. या गटातल्या जाती अंगाने सारख्याच दिसतात, खरा फरक अंड्यांच्या कवचावर असतो. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका जीवावर उभं आहे. जूनमध्ये फेलोशिप संपते. तोवर अंडं मिळालं तर ती नवी जात, आणि माझं चार वर्षांचं काम कामाला येईल. नाही मिळालं तर प्रकरणात एकच ओळ: ओळख पटली नाही.

तेव्हा परत पाठव. धुऊ नकोस.

करुणा

शिरड शहापूर, २८ नोव्हेंबर २०२४

चि. करुणास आशीर्वाद.

डोळे नाहीत हे वाचून वाईट वाटलं. खाल्लेलं बाहेरून दिसतं हे मात्र चांगलं. आमच्या लेकरांना ती सोय असती तर त्यांच्या आयांनी मला एवढ्या थापा मारल्या नसत्या.

यावेळी धुतलं नाही, हातसुद्धा लावला नाही, उलथन्यानं काढलं. चांगल्यातलं चांगलं पाठवते आहे. हिरवंगार आहे. आता तुझ्या सरांना हसायला जागा राहणार नाही.

नासेर मिस्त्री जागा मापून गेले. गुणी माणूस. चहात साखर जास्त लागते, तेवढंच.

आत्या

पुणे, २२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास जयभीम.

शेवाळ जिवंत पोहोचलं. त्यात टार्डिग्रेडच्या तीन जाती आहेत, तिन्हींना डोळे आहेत, तिन्ही पूर्वीपासून ठाऊक असलेल्या. आपला त्यांत नाही.

आत्या, लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी तुझ्या न्हाणीत अंघोळ केली आहे. त्या भिंतीवर हिरवंगार काही उगवलेलं मला आठवत नाही. हे शेवाळ कुठलं?

करुणा

शिरड शहापूर, ६ जानेवारी २०२५

चि. करुणास आशीर्वाद.

ते शाळेच्या पाण्याच्या टाकीखालचं.

रागावू नकोस, आधी ऐकून घे. अंगणवाडीत साहेब तपासणीला आले की आम्ही काय करायचो? गुटगुटीत लेकरं पुढच्या ओळीत बसवायचो. खोकणारी, किरकिरी, नाक वाहणारी मागे. ही काही लबाडी नव्हे, ही रीत आहे. आपल्या भिंतीचं शेवाळ चुरगाळलेल्या तंबाखूसारखं दिसतं. तुझ्या सरांपुढे ते ठेवायची मला लाज वाटली. तुझी आत्या अशा ठिकाणी अंघोळ करते हे त्यांना कळू नये असंही वाटलं, ते लपवून काय करू.

आता खरंखुरं पाठवते आहे. किरकिरं आहे, सांभाळून घे.

मिस्त्री विचारत होते, कामाला कधी लागू. म्हटलं, थंडी जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाला न्हाणी लागते. तुला अंडी मिळाली की कळव.

आत्या

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास जयभीम.

मिळाले! एक नाही, अकरा. सगळे बिनडोळ्यांचे, सगळ्यांच्या मागच्या पायांना विळा. भिजवल्यावर एकेक उठून चालायला लागला आणि मी खुर्चीवर बसूनच रडले. सरांनी मला चहा पाजला, तो त्यांनी स्वतः केला होता आणि वाईट होता.

किरकिरं पुढे बसवत जा.

एक गंमत म्हणजे रंग देऊन तपासलं, तर अकराच्या अकरा माद्या निघाल्या. या जातीत नर नसतोच असं दिसतं. माद्या अंडी घालतात, त्यांतून माद्याच निघतात.

अंडी त्यांच्या पोटात आहेत, पण पोटातल्या अंड्यावर नक्षी धरलेली नसते. घातलेलं अंडं एकही सापडलं नाही. एप्रिल-मेमध्ये पुन्हा एकदा थोडं पाठवशील का?

करुणा

पुणे, २० फेब्रुवारी २०२५

आत्या,

काल बाबांचा फोन आला. मार्च तोंडावर आला आणि तू नासेर मिस्त्रींना तीनदा परत पाठवलंस म्हणाले. एकदा थंडी म्हणून, एकदा खोकला म्हणून, एकदा अमावास्या म्हणून. आत्या, तू अमावास्या मानत नाहीस. आपल्या घरात कोणीच मानत नाही.

भिंत पाड. अंडी मिळाली. मागच्याच पाकिटात होती, नीट पाहिल्यावर दिसली. आता शेवाळ नको. तू फक्त जोतं घाल.

करुणा

शिरड शहापूर, २८ मार्च २०२५

चि. करुणास आशीर्वाद.

नखाच्या बुडाशी काय आहे हे तू मला विळ्याच्या दात्यांसकट लिहिलंस. ज्यांच्यासाठी जीव टाकत होतीस ती अंडी मिळाली, तर त्याला दोन शब्द. कशी आहेत, केवढी आहेत, काही नाही. "जेवून आलोय बाई" म्हणणारी उपाशी लेकरं मी तीस वर्षं पाहिली आहेत. तू लहान असतानाही असंच करायचीस.

असो. भिंत पाडली. कशी पाडली ते सांगते.

नासेर मिस्त्रींना म्हटलं, दगड एकेक काढायचा, खडूनं आकडा टाकायचा, आणि मागच्या बाजूला तशीच भिंत उभी करायची. ज्या दगडाचं तोंड उत्तरेला होतं त्याचं उत्तरेलाच. मिस्त्री म्हणाले, "आपा, घराच्या आधी न्हाणी? लोक हसतील ना." म्हटलं, हसू द्या. "बराबर. पन शिमीट किती आणू?" म्हटलं, सिमेंट लावायचं नाही, कोरडी रचा. मिस्त्रींनी कोड्यात पडल्यासारखं तोंड केलं आणि विचारलं, "काहून पन?" मी म्हटलं, यात माणसं राहतात. हे का बोलले मलाच कळलं नाही. त्यांनी पुढचा दगड दोन्ही हातांनी उचलून ठेवला. त्यानंतरचे सगळे तसेच ठेवले.

दगड काढून ठेवले होते तोवर ओला गोणपाट घातला. आता मागे भिंत उभी आहे, तीन बाजूंनी जुनी लुगडी बांधली आहेत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी तिथं अंघोळ करते. कोरडं असलं की मरत नाही पण अंडी घालत नाही, असं तूच लिहिलं होतंस. तर उन्हाळाभर त्यांना कोरडं ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. रुख्मिणीबाई म्हणाली, "कमल, घर न्हाई दार न्हाई, अन् दिवसातून दोनदा न्हाऊन राहिली!" मी म्हटलं, उकडतं.

जोतं वेळेत झालं. फोटो काढायला साहेब आले, त्यांनी जोत्यामागे न्हाणी पाहिली आणि विचारलं, "आजी, घर कुठाय?" म्हटलं, येऊन राहिलंय.

या जनावरांत नर नाही हे वाचलं आणि वाटलं, चाललंय की त्यांचं.

आत्या

पुणे, ३ जून २०२५

माझ्या आत्यास,

मी खोटं बोलले होते. अंडी मिळाली नव्हती.

मी नको म्हटलं तरी तू मेमध्ये पाठवलेलं शेवाळाचं पाकीट उघडलं. आता मिळाली आहेत. नऊ.

कशी आहेत ते सविस्तर लिहिते, नाहीतर तू परत पकडशील. पांढरी, गोल, पूर्ण वाढलेल्या मादीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी. कवचावर सगळीकडे बारीक उभार आहेत, त्यांचा आकार थेट उलट्या ठेवलेल्या फुलपात्रासारखा. बुडाला रुंद, मध्ये निमुळता, वर चकतीसारखा पसरलेला. चकतीची कड दातेरी आहे, आणि ही कड आजवर नोंदवलेल्या कुठल्याच जातीत नाही. सरांनी स्वतः पुस्तकं काढून ताडून पाहिलं. तुझ्या स्वयंपाकघरात घासलेली फुलपात्री जशी फळीवर पालथी असतात, तसे हे उभार एकाला एक लागून आहेत. मला तुझी फळी आठवली.

प्रबंध वेळेत जाईल. नव्या जातीचं वर्णन लेख म्हणून पाठवतो आहोत. ती जिथं सापडली ते ठिकाण त्यात लिहावं लागतं, तिथं मी 'शिरड शहापूर, कमलबाई यांच्या घरच्या न्हाणीची भिंत' असं लिहिलं आहे. आणि जातीचं नाव मॅक्रोबायोटस कमलबाईए. शेवटचा ए लॅटिनमध्ये बाईमाणसाच्या नावाला लावतात. तुझी हरकत नाही ना?

करुणा

शिरड शहापूर, १९ जून २०२५

चि. करुणास आशीर्वाद.

फुलपात्री पालथी ठेवली की त्यात पाली जात नाहीत. त्यांनाही ते कळलेलं दिसतं.

हरकतीचं आधी सांगते. घराच्या भिंती छातीपर्यंत आल्या आहेत. पूर्ण झाल्यावर दर्शनी भिंतीवर लाभार्थीचं नाव रंगवावं लागतं, तसा नियम आहे. कमलबाई उत्तमराव, आणि पुढे आडनाव, तेही त्यांचंच. रेशन कार्डावर तेच, बँकेत तेच, अंगणवाडीच्या हजेरीपटावर तीस वर्षं तेच. तो माणूस एक दिवस न सांगता निघून गेला, पण माझ्या प्रत्येक कागदावर मध्ये बसून राहिला. मी दादाला एकदा म्हटलं होतं, हे काढता येतं का. तो म्हणाला, काढता येतं, पण फार कागद लागतात, आणि त्या सगळ्या कागदांवर तेच नाव लागतं.

म्हणून विचारते. माझ्या नावाआधी लावलेला हा मॅक्रोबायोटस कोण? बाप्याचं नाव असेल तर काढून टाक. एकटं कमलबाई चालत असेल तरच लिही.

आत्या

पुणे, २९ जून २०२५

ती. आत्यास जयभीम.

मॅक्रोबायोटस हा कोणी माणूस नाही. ते कुळाचं नाव आहे. या कुळातल्या सगळ्या जातींच्या नावाआधी तेच लागतं, ते मला काढता येत नाही. त्याचा अर्थ दीर्घायुषी.

त्यानंतर फक्त तू आहेस. मध्ये कोणी नाही.

करुणा

शिरड शहापूर, ७ डिसेंबर २०२५

चि. करुणास आशीर्वाद व जयभीम.

तू पाठवलेला छापील लेख पोहोचला. इंग्रजी मला येत नाही, पण माझं नाव मी बोट ठेवून शोधलं. अठरा ठिकाणी आहे. अठराही ठिकाणी एकटंच आहे. मी दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. मग लेख भीमराजदादाला दाखवला. तो पायांची चित्रं बघून म्हणाला, "कमल, हे तुझ्यावानी दिसत न्हाई." नासेर मिस्त्रींना दाखवला, त्यांनी अंड्यांचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "रचाई अच्छी है."

घर झालं. पुढच्या भिंतीवर नियमाप्रमाणे पाटी रंगवली आहे, उत्तमराव मध्ये धरून. राहू देत. तिथं दिवसभर ऊन लागतं, रंग किती दिवस टिकतो बघू. मागच्या भिंतीला मात्र मी रोज पाणी देते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. करुणा, माझ्या घरी ये. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे. दोन खोल्या आहेत, खिडकीला जाळी आहे, तुझ्यासाठी गादी भरून घेतली आहे. आत फरशीची नवी न्हाणीही आहे. पण अंघोळ तुला मागेच करावी लागेल. लुगडी अजून बांधलेली आहेत, आणि पाहुणा आला की तेवढंच भिंतीला पाणी जास्त मिळतं.

तुझी आत्या
कमलबाई

ता. क. तुझ्या सरांना कधी काळी या जातीतला नर सापडलाच, तर मला कळवायची घाई करू नका.